मशरूमचा पत्ता जमिनीखाली

पावसाळी वीकेंड म्हटला की आपल्या गँगचा प्लॅन ठरलेला: सिंहगड, नाहीतर लोणावळा. थोडी हटके मंडळी मात्र सातपुड्याची वाट धरतात. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ, यशवंत तलाव, सीताखाई, हाताला लागणारे ढग. आणि पायाखाली उगवलेल्या छत्र्याच छत्र्या!

मग फोटोसेशन. वरून एक क्लिक, ॲपवर नाव, आणि कुणीतरी हमखास म्हणतंच, "बॉस, बटर-गार्लिकमध्ये मस्त लागेल ना?"

जरा ब्रेक लावा. मशरूमची खरी ओळख त्या फोटोत येतच नाही.

वारुळावरची अळंबी घ्या. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवी चघळलेल्या पाल्यालाकडाचं स्पंजासारखं पोळं बांधते आणि त्यावर ही बुरशी पोसते. बुरशी लाकूड पचवते, वाळवी बुरशी खाते. पक्की पार्टनरशिप! पावसात हीच बुरशी जमीन फोडून छत्री उघडते. म्हणून तिची खूण खाली आहे: दांडा मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरात उतरतो. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, तो माती भेदायला. अजून कुणाला बटण मशरूमसारखी तिची शेती जमलेली नाही, कारण वाळवीला कामावर कोण ठेवणार?

आमच्या ग्रुपमधल्या एकाने अशीच एक पांढरी छत्री खुडून पाड्यावर नेली. "मावशी, ही खायची का?" मावशींनी हातही लावला नाही. म्हणाल्या, "तोडून कशाला आणली? जागा दाखव."

मला त्या एका वाक्यात अख्खं लेक्चर मिळालं. कारण ॲमनिटा या विषारी कुळाची खूणही जमिनीतच असते: दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखा कप. वरून खुडलं, की मूळही गेलं आणि पिशवीही. उरते नुसती छत्री, आणि छत्र्या सगळ्यांच्या सारख्याच दिसतात.

दुसरी टेस्ट घरी करता येते. टोपी कागदावर पालथी ठेवा, वर ग्लास झाका, रात्रभर विसरा. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो. वारुळाच्या अळंबीचा फिकट गुलाबी, ॲमनिटाचा पांढरा. सोसायटीच्या लॉनवर उगवणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या क्लोरोफायलमचा चक्क हिरवट!

पण ठसा जुळला म्हणून लगेच कढई चढवू नका. हे सगळं ओळखीसाठी, ताटासाठी नाही. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किड्यांनी आधीच खाल्लंय, हे फंडे तर साफ खोटे. घातक ॲमनिटाचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, मध्ये बरं वाटतं, आणि तोवर लिव्हर निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली मशरूम खाऊन १३ जण गेले.

तेव्हा तोरणमाळला जा, गुडघे टेकून बघा, माती हलकेच बाजूला करून बुडाचाही फोटो काढा. शंका असली तर उत्तर एकच: खायचं नाही. बटर-गार्लिकसाठी मार्केटमधलं दोनशे ग्रॅमचं पाकीट आहेच की!