ताजे दळण कोणाच्या हातचे?

महाशिवरात्र आणि होळी जवळ आली की काशीत ठंडाईची लगबग सुरू होते. भिजवलेले बदाम, बडीशेप, मिरी, खसखस आणि मगजाच्या बिया पाट्यावर बारीक वाटून दुधात कालवतात व गाळून घेतात. गोदौलिया भागातील दुकानांत तयार ठंडाई सहज मिळते. तरीही खरा रसिक ताज्या वाटणालाच मान देतो.

कॉफीलाही हाच न्याय लागू पडतो. काशीतील हनुमान घाट व केदार घाट या परिसरात दक्षिण भारतीय कुटुंबांची जुनी वस्ती आहे. फिल्टर कॉफी ही त्यांच्या मूळ प्रांतांची आवड. आता शहरांतील काही घरांत एस्प्रेसोची यंत्रेही आली आहेत. पेय कोणतेही असो, दाणे आयत्या वेळी दळण्यातच त्याचे मर्म आहे.

भाजलेला अखंड दाणा आपला सुगंध बराच काळ राखतो. दळताच त्याचा हवेशी संपर्क अनेक पटींनी वाढतो आणि सुगंध उडू लागतो. एस्प्रेसोमध्ये गरम पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे ९ पट दाबाने भुकटीतून २५ ते ३० सेकंदांत उतरते. दळण जाडे असेल तर पाणी भरकन निसटते आणि कॉफी पातळ व आंबट होते. फार बारीक असेल तर पाणी अडते आणि कडवटपणा येतो.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. तयार भुकटीत अनेकदा चिकोरी असते. भारतातील नियमांनुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. चिकोरी आवडणे हा दोष नव्हे; मात्र आपण काय विकत घेतो, हे ग्राहकाला कळले पाहिजे. थंड पाण्यावर भुकटी टाकल्यास कॉफी तरंगते, तर चिकोरी रंगाची रेघ सोडत तळाशी जाते. घरी दाणे दळणाऱ्याला ही शंकाच उरत नाही.

तथापि ताजेपणाची थोरवी गाताना श्रमांचा विसर पडू नये. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी पहाटे उठून जाते ओढले. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक सर्वांनी केले. दुखऱ्या खांद्यांची विचारपूस फारशी कोणी केली नाही. पिठाची गिरणी आली आणि त्यांची पहाट मोकळी झाली. हा लाभ लहान नव्हे. ताज्या कॉफीच्या हौसेने तेच जोखड पुन्हा घरातील स्त्रीच्या मानेवर बसणार असेल, तर त्या सुगंधाला किंमत नाही.

यावर उपाय काशीतच सापडतो. तेथे घाटांवर आणि आखाड्यांत पुरुषांनीही हौसेने ठंडाई वाटली आहे. एका वेळच्या कॉफीला मूठभर दाणेही पुष्कळ होतात. हाताने फिरवण्याच्या छोट्या यंत्रात ते काही मिनिटांत दळून होतात. म्हणून नियम साधा असावा : लागेल तेवढेच दळावे आणि ज्याला प्यायची हौस, त्यानेच दळावे. ताजेपणा तेव्हाच खरा गोड लागतो.