पात्र कोण?

परवा रात्री इंदापूरहून मित्राचा फोन. बारामती एमआयडीसीत नोकरी, रोजचं अप-डाऊन, बॅगेत एआरटीच्या गोळ्या. म्हणाला, “यार, जेवणच जात नाही. कॅलिफोर्नियात म्हणे एचआयव्हीवाल्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर गांजा मिळतो, भूक लागावी म्हणून. आपल्याकडे कोण पात्र?”

कोणीच नाही, बॉस! तिकडे 1996 मध्ये मतदान घेऊन कायदा झाला, त्यात एड्सचं नावच होतं. आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस कायदा. किलोच्या आत गांजा सापडला, तरी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आयुर्वेदातली ‘विजया’ म्हणजे भांग. तिची औषधं वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची. त्यात एचआयव्हीसाठी वेगळी सवलत नाही.

पण इतर गोष्टींना तू पात्र आहेस की! सरकारी एआरटी 2004 पासून मोफत. आधी सीडी-फोर घसरायची वाट बघावी लागायची, 2017 पासून तीही नाही. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्यानं निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही.

“भूक मेलीय हे एआरटीच्या डॉक्टरांना सांगितलंस?”

“नाही रे. गावातलं कुणी भेटेल म्हणून गोळ्या घेतो आणि सटकतो.”

घ्या! कारण गोळ्या असतील, तोंडातली बुरशी, टीबी किंवा नुसतं टेन्शन. तपासल्याशिवाय कळणार कसं? आणि पठ्ठ्या गांजाची चौकशी करतोय!

सोमवारी मी रजा टाकलीय. त्याच्यासोबत रांगेत उभा राहणार आहे. त्यासाठी कुठलीच पात्रता लागत नाही.