स्वमग्नता, मेंदूतील जोडण्या आणि समजुतीची दुसरी बाजू

स्वमग्नतेविषयी, म्हणजेच ऑटिझमविषयी, एक मत हल्ली सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. स्वमग्न मुलाच्या मेंदूतील दूरदूरच्या भागांमधील जोडण्या क्षीण असतात. त्यामुळे दुसऱ्याच्या मनातले त्याला उमगत नाही. आणि उणीव मेंदूतच असल्याने भोवतालच्या माणसांनी करण्याजोगे फारसे उरत नाही, असे या मताचे तीन टप्पे आहेत.

पूर्वपक्षाला आधार नाही असे नव्हे. 1985 साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी घेतलेल्या चाचणीत, एका बाहुलीची समजूत चुकीची आहे हे ओळखून ती वस्तू कोठे शोधेल ते सांगायचे होते, आणि 20 स्वमग्न मुलांपैकी 16 जणांना ते सांगता आले नाही. 2004 साली मार्सेल जस्ट आणि सहकाऱ्यांना, वाक्याचा अर्थ लावताना स्वमग्न प्रौढांच्या मेंदूतील भागांचा परस्परमेळ कमी आढळला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा बेटेलहाइम यांनी 1967 च्या ग्रंथात पुरस्कारलेला क्रूर समज मागे पडण्यास मेंदूच्या अभ्यासाने हातभार लावला, हे श्रेयही त्याला दिले पाहिजे.

तरीही पहिला टप्पा दिसतो तितका भक्कम नाही. मेंदूच्या दोन भागांतील रक्तामधल्या प्राणवायूचे चढउतार कालक्रमाने जुळतात का, हे एमआरआय यंत्राने पाहतात आणि त्या जुळणीला कार्यात्मक जोडणी म्हणतात. म्हणजे येथे मोजला जातो तो सांख्यिकीय संबंध, प्रत्यक्ष मज्जातंतू नव्हे. शिवाय तपासणीच्या वेळी डोके मिलिमीटरहून कमी हलले, तरी दूरच्या भागांची जोडणी खोटी कमी आणि जवळच्यांची खोटी जास्त दिसते, हे 2012 साली स्पष्ट झाले. स्वमग्नतेच्या सिद्धान्तात वर्णिलेला नमुना नेमका हाच होता, आणि यंत्रात निश्चल पडून राहणे अनेक स्वमग्न मुलांना विशेष कठीण जाते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अबाइड या संकलनात 1112 व्यक्तींची माहिती एकत्र आली, तेव्हा जोडणीतील घटीचे पारडे जड दिसले, पण काही ठिकाणी वाढही आढळली. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत आणि त्यांवरून एका मुलाचे निदान होत नाही. भारतात स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणारी इसा ही 40 कलमी मापनश्रेणी मुलाच्या वागण्याच्या निरीक्षणावर आणि पालकांच्या मुलाखतीवर उभी आहे. फेफऱ्यासारख्या विकाराची शंका असेल तर डॉक्टर एमआरआय सुचवतील. परंतु केवळ स्वमग्नता सिद्ध करण्यासाठी त्याचा खर्च सोसणे व्यर्थ आहे.

दुसरा टप्पा त्याहून दुबळा आहे. 1985 च्या चाचणीत चार मुले उत्तीर्ण झालीच होती, आणि भाषेवर भिस्त असलेल्या चाचणीतील अपयश म्हणजे सहानुभूतीचा अभाव नव्हे. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 साली असे मांडले की गैरसमज दुहेरी असतो: स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसेच इतरांनाही तिचे. कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या 2020 च्या प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत नेली, तेव्हा केवळ स्वमग्न माणसांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच कार्यक्षम ठरली, आणि मिश्र साखळीत तपशील अधिक गळाले. 2025 मधील मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीतील ही गळती दिसली नाही, पण स्वमग्नांची साखळी तेथेही उणी पडली नाही.

म्हणून तिसरा टप्पा उलटा मांडला पाहिजे. समजूत दोन माणसांमध्ये घडत असेल, तर तिची निम्मी जबाबदारी भोवतालच्यांची आहे. आणि हा भोवताल घरागणिक बदलतो. अबाइडच्या त्या संकलनातील सर्व 17 केंद्रे अमेरिका आणि युरोपातील होती. अहिराणी, लेवा बोली किंवा सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्या घरातील मुलाचा संवाद कसा घडतो, हे त्यांतून कळणारे नव्हते. द्विभाषिक वातावरणामुळे स्वमग्न मुलाच्या भाषेची हानी होते असे संशोधनात आढळलेले नाही. तेव्हा आजी ज्या बोलीत लाड करते, ती बोली सोडून त्याच्याशी केवळ प्रमाण मराठीत वा इंग्रजीत बोलण्याचा सल्ला त्याला घरातच एकटे पाडतो. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला भाऊबंद जमतात, गाणी आणि वाद्ये दणाणतात. तेथे कान झाकून घेणाऱ्या मुलाला हट्टी ठरवून आईला बोल लावणारे नातेवाईकच त्या क्षणी समजुतीत कमी पडतात. त्याला शांत खोलीत बसू देणे, आधी काय घडणार ते चित्रांनी सांगणे आणि उत्तरासाठी थांबणे, हे कोणत्याही घराला साधण्याजोगे आहे.

2013 पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात स्वमग्नतेची तपासणी अंतर्भूत आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली आहे. अंगणवाडीताईला लक्षणे ओळखता येणे, निदान लवकर होणे आणि शिक्षकांनी मुलाची संवादाची रीत शिकून घेणे, यांवर, वरील बोली जेथे बोलल्या जातात त्या जळगाव-धुळ्यातील यंत्रणेने जोर द्यावा. मेंदूतील जोडण्यांचे संशोधन अवश्य चालावे. परंतु त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत मुलाशी संवाद थांबवण्याचा अधिकार कोणालाही नाही.