आधी पडदा, मग रजिस्टर

मागच्या अंकात कळांच्या वेळी सोबत असणाऱ्या बाईचा, म्हणजे ‘बर्थ कंपॅनियन’चा विषय घेतला आणि पत्रं येऊ लागली, ती अजून येताहेत. बहुतेक सिस्टरांची आहेत, रात्रपाळी उतरल्यावर लिहिलेली. त्यांतलं एक पत्र मी तीनदा वाचलं. गावाचं नाव छापू नका, असं सिस्टरने बजावलंय, म्हणून छापत नाही.

तिच्या लेबर रूममध्ये तीन टेबलं आणि मधे दोन पडदे. एका पडद्याच्या कड्या तुटल्या, म्हणून तो गॉज बँडेजने बांधून ठेवलाय. दुसरा धुवायला गेला तो परत आलाच नाही. तिने रीतसर इंडेंट टाकलं. भांडाराने कळवलं, कापड देतो, पण वरचा दांडा आमच्याकडे येत नाही. दांडा छताला बसवायचा, म्हणजे बांधकाम विभाग. बांधकाम विभाग म्हणाला, पडद्याचं माप द्या, मग अंदाजपत्रक करू. भांडार म्हणालं, दांड्याची लांबी कळल्याशिवाय माप कसं देणार? या दोन टेबलांमध्ये तो कागद चौदा महिने फिरतोय. मधल्या काळात तपासणी पथक येऊन गेलं आणि शेरा मारून गेलं: ‘बर्थ कंपॅनियन रजिस्टर अद्ययावत नाही.’

रजिस्टर आता अद्ययावत आहे. बाळंतपण उरकलं की बाहेर बाकावर बसलेल्या सासूची किंवा आईची सही घेतात. रकाने भरलेत. आत मात्र एकही बाई आलेली नाही, कारण शेजारच्या टेबलावर दुसरी बाई उघडी आहे.

पत्राच्या शेवटी सिस्टर विचारते, ‘यात माझी चूक काय?’ सिस्टर, पडदा नाही ही तुमची चूक नाही. सही खोटी आहे, ही मात्र तुमची आणि माझीही चूक आहे. आपण सगळ्यांनीच अशी रजिस्टरं भरली आहेत.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला मुभा दिली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, ती शेवटपर्यंत थांबावी, उपचारांत ढवळाढवळ करू नये, दुसऱ्या बाईकडे जाऊ नये. यात न पटण्यासारखं काही नाही. सोबतीण नात्यातली बाई असावी आणि तिने स्वतः कळा सोसलेल्या असल्या तर बरं, असंही त्यात म्हटलं आहे. जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. पुढे २०१७ च्या अखेरीस लेबर रूमच्या गुणवत्तेसाठीचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला आणि सोबतीण व आडोसा या दोन्ही गोष्टी गुणवत्तेच्या मोजमापात बसल्या.

कागद चांगलाच आहे. दारापर्यंत येताना त्याचं काय होतं ते पत्रांत दिसतं. ‘असली तर बरं’ याची अट झाली. एका ठिकाणी गरोदर बाईसोबत तिची बिनलग्नाची धाकटी बहीण आली होती. तिला परत पाठवलं, का तर तिचं बाळंतपण झालेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी ऊसतोडीच्या टोळीतली बाई रात्री दोनला आली. नात्यातली बाई दोनशे किलोमीटरवर, सोबत फक्त नवरा. पडदा नाही म्हणून नवऱ्याला मनाई आणि दुसरं कुणी नाही म्हणून ती एकटी. दवाखान्यांच्या लेखी दोन्हीकडे कुणी नियम मोडलेला नाही. दोन्ही बायांनी कळा मात्र एकटीने काढल्या.

ही सोबत म्हणजे वरची हौस नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा, पंधरा हजारांहून अधिक बायांचा आढावा घेतला. कळांमध्ये कुणीतरी सतत जवळ असलं तर नैसर्गिक बाळंतपणं वाढतात, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा आखडतो, असं त्यातून दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत बाईच्या पसंतीची सोबत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि २५.४ टक्के सिझेरियनने. घरच्या खोलीत सुईण असायची, आई असायची, जाऊ असायची. बाईला सुखरूप ठेवायला आपण दवाखान्यात आणलं, हे योग्यच केलं. पण तिच्या माणसाला दाराबाहेर ठेवायला कुणी सांगितलं होतं?

मी स्वतः हे उशिरा शिकले. नोकरीच्या सहाव्या वर्षी, तिन्ही टेबलं भरलेली आणि मी एकटी. पहिलटकरीण, पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं, घाबरून टेबलावरून उतरू पाहत होती. मी ओरडत होते, ती किंचाळत होती. शेवटी वैतागून दार उघडलं आणि तिच्या सासूला आत घेतलं. त्या बाईने पदर खोचला, सुनेला कुशीवर वळवलं आणि माकडहाडाच्या वर तळहात दाबून धरला. प्रत्येक कळेला दाब, कळ ओसरली की हात सैल. एक शब्द बोलली नाही. वीस मिनिटांत पोरगी माझं ऐकू लागली. मी निवांतपणे बाळाचे ठोके ऐकले, पार्टोग्राफवर खूण केली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. त्या रात्री माझ्या हाताखाली एक माणूस वाढलं होतं आणि त्याला पगारही द्यायचा नव्हता.

म्हणून आता आपल्यातल्याच काही जणींना स्पष्ट सांगते. पडदा नाही ही अडचण खरी आहे, पण तिच्या आड लपणाऱ्याही आहेत. जिथे स्वतंत्र खोली आहे, पडदे आहेत, तिथेही दार बंदच असतं. का, ते आपल्याला ठाऊक आहे. सोबतीण म्हणजे साक्षीदार. तिच्यासमोर मांडीवर चापट मारता येत नाही. ‘तेव्हा नाही का लाज वाटली’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. पोटावर जोर देऊन बाळ ढकलता येत नाही. साक्षीदाराची भीती वाटत असेल, तर दोष साक्षीदाराचा नाही.

शहरातल्या डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत देण्याचं काम करणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगणं. ‘नवरा किंवा डूला, एकच आत’ हा खासगी रुग्णालयांचा हट्ट चुकीचा आहे आणि त्याविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने आहोत. पण आपल्याकडे डूलाच्या कामाला कायद्याची नोंदणी नाही, त्यामुळे तुमची पत तुमच्या वागण्यावरच उभी आहे. ऑक्सिटोसिनच्या थेंबांवरून टेबलाशेजारी वाद घालू नका. बाईच्या मनातला प्रश्न तिला स्वतःला विचारता येईल एवढं बळ तिला द्या. एकीने हद्द ओलांडली की दहा जणींसाठी दार बंद होतं.

आता कामाचं. वरून नवा आदेश येईल म्हणून थांबू नका, आलाच तर त्याच्यासोबत आणखी एक रजिस्टर येईल. या महिन्यात टेप घ्या, दोन टेबलांमधलं अंतर मोजा, छताची उंची मोजा. दांडा, कड्या, कापड, शिलाई या सगळ्यांचा एकच अंदाज गावातल्या दुकानदाराकडून लेखी घ्या. एकाच कामाचे दोन कागद झाले की ते दोन विभागांत हरवतात. तो अंदाज रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर लावून घ्या. समितीचा निधी अशाच अडलेल्या कामांसाठी असतो. वैद्यकीय अधीक्षक नाही म्हणाले, तर ते ‘नाही’ इतिवृत्तात लिहून मागा.

आणि पडदा लागेपर्यंत खोटी सही घेऊ नका. सोबतीण आत नव्हती तर रकान्यात ‘नव्हती’ लिहा, पुढे कारण लिहा: ‘पडदा नाही.’ महिनाभर प्रत्येक पानावर हे दोन शब्द दिसले, तर पुढच्या पथकाला रजिस्टरऐवजी छताकडे बघावं लागेल.

पडदा लागला की आम्हाला फक्त तारीख कळवा. रुग्णालयाचं नाव नको, अधिकाऱ्यांसोबतचा फोटो नको. तारखा आम्ही याच पानावर छापू. पहिली तारीख त्या तीन टेबलांच्या खोलीतून यावी, अशी माझी फार इच्छा आहे.