संपणारे गेम

मे महिना आला की व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास येतो. पिवळ्या प्लॅस्टिकची एक कॅसेट, तिच्यावर '९९,९९,९९९ इन १' असं काहीतरी अचाट लिहिलेलं, आणि खाली ओळ : 'हे ज्याला कळलं त्याचं बालपण सुखात गेलं.' मग ग्रुपवरचे सगळे चाळिशीतले बाप्ये हळवे होतात. मारिओ, कॉन्ट्रा, मुस्तफा... नावांची उजळणी होते. आणि पाचव्या-सहाव्या मेसेजला ते ठरलेलं वाक्य येतंच : 'नाहीतर आजची पोरं बघा, दिवसभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून!'

माझं भांडण या वाक्याशी आहे. आठवणींशी नाही. त्या माझ्याकडेही पोतंभर आहेत.

पण खरं सांगा, आपण दिवसभर खेळत नव्हतो ते काय आपल्या अंगी फार संयम होता म्हणून? हॅट्! अर्ध्या तासात अडॅप्टर तापायचा म्हणून. दुपारी लाइट जायची म्हणून. सात वाजता आजोबांना बातम्या लागायच्या म्हणून. 'टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते' अशी सगळ्या मावश्यांची ठाम समजूत होती म्हणून. आपल्या सद्गुणांचं निम्मं श्रेय त्या तापणाऱ्या अडॅप्टरला द्यायला हवं. तेव्हाची पोरं गुणी आणि आजची वाया गेलेली, हा हिशोब काही पटत नाही.

मग फरक कशात आहे? मला वाटतं, गेम पैसे कसा कमावतो यात. नव्वदीतल्या सुट्ट्यांत मी तीन वेगवेगळ्या प्रकारे खेळलो, आणि आज मागे वळून बघताना ते तीन प्रकार म्हणजे तीन वेगळे धंदे होते हे लक्षात येतं.

पहिला धंदा पार्लरचा. आजोळी मिरजेला बाजारात एक अंधारी खोली होती, दाराला पडदा, आत तीन मशीन. रुपयाचं नाणं टाकायचं. सगळी झुंबड 'मुस्तफा'वर. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', तो जपानच्या कॅपकॉमने १९९३ साली काढला, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. मुस्तफा हे त्यातल्या चार हिरोंपैकी एकाचं नाव. पण उडी मारून लाथ घालणाऱ्या त्या टोपीवाल्यावर पब्लिक इतकं खूश होतं की गेमचंच बारसं झालं.

आता इथे नॉस्टॅल्जियाचा चष्मा जरा काढून ठेवू. पार्लरचा गेम काही साधासुधा नव्हता. तुम्ही लवकर मरावं यातच त्याचा फायदा होता. तुम्ही अर्धा तास एका रुपयात खेळलात तर मालक उपाशी मरेल. म्हणून तो तुम्हाला दोन-तीन मिनिटांत लोळवायचा, आणि मग पडद्यावर आकडे उलटे मोजायचा. दहा, नऊ, आठ... खिसा चाचपायला लावणारे ते दहा सेकंद! आजच्या गेममधल्या सगळ्या चलाख्यांचा आजोबा तिथेच बसलेला होता.

पण एक होतं. नाणं संपलं की संपलं. रिकामा खिसा खोटं बोलत नाही. आपण किती घालवले हे हाताला कळायचं, आणि पडदा सारून उन्हात यायला लागायचं.

दुसरा धंदा भाड्याचा. व्हीसीआर भाड्याने देणारे दुकानदार तेव्हा व्हिडिओ गेमही द्यायला लागले होते. आम्ही पाच मावस-मामेभावंडं वर्गणी काढून एक दिवसाचा आणायचो. चोवीस तासांचं भाडं भरलंय म्हणजे चोवीस तास वसूल झाले पाहिजेत! रिमोट दोन आणि पोरं पाच. (हो, जॉयस्टिकलाही आम्ही रिमोटच म्हणायचो.) मग 'एक लाइफ तुझी, एक माझी' असा करार. दोघं खेळणार आणि तिघं सल्ले देणार. 'अरे बसून मार ना!', 'उडी, उडी, उडी...', 'गेला, दे इकडे.' आठवणीत जो गोडवा आहे ना, तो मला विचाराल तर गेमचा कमी आणि या सल्ले देणाऱ्या तिघांचा जास्त आहे. या धंद्यात दुकानदाराला तुम्ही काय खेळता याच्याशी देणंघेणं नव्हतं. उद्या दहा वाजता डबा परत आला की झालं.

तिसरा धंदा सगळ्यात मजेशीर. घरचा व्हिडिओ गेम. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं. आपल्याकडे घरोघरी जे आलं ते बहुतेक त्याची स्वस्तातली नक्कल होतं. कॅसेटही नकली. 'नव्व्याण्णव लाख'मध्ये खरे गेम मोजून दहा-पंधरा, बाकी तेच पुन्हा पुन्हा. मूळ निर्मात्याला आपल्याकडून छदामही गेला नाही. पण अस्सल घ्या की नक्कल, धंद्याची तऱ्हा एकच होती : पैसे एकदाच. कॅसेट विकली गेली की तुम्ही खेळा नाहीतर माळ्यावर टाका, गेमला काही फरक पडत नव्हता. तो तुम्हाला हाक मारायला येत नव्हता.

आणि म्हणून त्याला शेवट होता. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० केबीत मावतो. सकाळी फॉरवर्ड येणारं गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ'ही बहुधा त्याहून मोठं असतं. जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं यांचं चित्र एकच आहे, फक्त रंग बदललाय. (आता बघा, पुन्हा दिसल्याशिवाय राहणार नाही.) आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, एकूण ३२. राजकन्या सुटली, विषय संपला. काकांच्या ऑफिसातल्या काँप्युटरवर चोरून खेळलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तर सांगूनच सुरू व्हायचा, की बाबा रे, तुझ्याकडे साठ मिनिटं आहेत.

ते गेम अवघडही होते. एवढ्याशा जागेत मावणारा गेम महिनाभर पुरवायचा तर अवघड करण्यावाचून उपाय काय? पण त्यातही एक गंमत आहे. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रामर होते. १९८६ साली 'ग्रेडियस' हा गेम फॅमिकॉमवर आणताना तपासणीसाठी तो त्यांनाच खेळावा लागे, आणि त्यांना तो जमेना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक चोरवाट ठेवली : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ती तशीच राहून गेली. पुढे कॉन्ट्रात हीच बटणं दाबली की तीनऐवजी तीस लाइफ मिळायला लागल्या. ही विद्या एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे जायची, आणि ज्याला येते त्याचा गल्लीत रुबाब असायचा. हाशिमोतो २०२० साली गेले.

आता मला सांगा, हाच कॉन्ट्रा आज मोबाईलवर निघाला तर त्या तीस लाइफ फुकट मिळतील? छे! एकोणऐंशी रुपयांचं पाकीट असेल, वर 'फक्त आज ४० टक्के सूट'.

आलं लक्षात? चौथा धंदा हा आहे. गेम फुकट, आणि विकला जातो तो तुमचा वेळ. आपल्यातले बरेच जण याच धंद्यात किंवा त्याच्या शेजारच्या धंद्यात नोकरी करतात, त्यामुळे हे आतून ठाऊक आहे. सकाळच्या मीटिंगला तक्त्यावर काय असतं? काल आलेल्यांपैकी आज किती परत आले, सात दिवसांनी किती, तीस दिवसांनी किती. 'किती जणांना मजा आली' असा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही. 'कॅन्डी क्रश'मध्ये पाच लाइफ असतात आणि गेलेली एक परत यायला तीस मिनिटं लागतात. पार्लरवाल्याचे ते दहा सेकंद आठवतात? त्याचीच ही नवी आवृत्ती, फक्त ही खिशात बसून टिंग करते. आणि शेवटची लेव्हल गाठावी तर पुढच्या आठवड्यात नव्या लेव्हल हजर. जो गेम संपलेला परवडतच नाही, तो बनवणारे कशाला संपवतील? नाणं संपलेलं कळतं हो, वेळ संपलेला कळत नाही.

अशा गेमसमोर दहा वर्षांचं पोर बसवायचं आणि त्यालाच 'तुझा स्वतःवर ताबा नाही' म्हणायचं, हा कुठला न्याय? एका बाजूला ते पोर, दुसऱ्या बाजूला शे-दोनशे इंजिनिअर. ते हरणारच.

सरकारांनी आपापल्या परीने उपाय केलेत. चीनने २०२१ मध्ये अठराखालच्या मुलांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री आठ ते नऊ अशी वेळ ठरवून दिली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा झाला. चांगलंच झालं. पण पैसे न लावता खेळायचा, फुकटचा, न संपणारा गेम त्यातून मोकळाच राहतो. तिथे कायद्यापेक्षा आपलं पाकीट जास्त कामाचं आहे.

म्हणजे काय, तर गेम विकत घ्या. संपणारे गेम आजही बनतात. २०१४ चा 'मॉन्युमेंट व्हॅली' दोन-तीन तासांत संपतो आणि इतका देखणा आहे की पुन्हा खेळावासा वाटतो. त्याच्या कर्त्यांनी त्याच वर्षी जादा टप्पे काढून त्याचे थोडे पैसे मागितले, तर लोकांनी रागाने एक-एक तारा दिला! तीनशेची कॉफी पिणारे आपण, गेमला दोनशे म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाचा गेम काढला, भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. काही तासांची गोष्ट, नीट सुरुवात, नीट शेवट. २०२० साली तो आधी आला कुठे, तर निन्टेन्डोच्या अस्सल यंत्रावर. ज्या निन्टेन्डोला आपण छदाम दिला नाही, त्याच्याच दुकानात पुण्याचा गेम! मला तर भरून आलं होतं.

तर या सुट्टीत पोराच्या हातात गेम देण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा संपतो का? पैसे एकदाच घेतो की पुन्हा पुन्हा? आणि बंद केल्यावर हाका मारतो का? तिन्हींची उत्तरं बरी आली तर खुशाल खेळू दे, दोन-चार तासांनी काही बिघडत नाही.

आणि हो, शेजारी बसून सल्ले द्यायला विसरू नका. त्याशिवाय मजा नाही :)