आधी मेमो, मग चौकशी

6 नोव्हेंबर 2021, ऐन भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण दगावले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यात 10 बाळं गेली होती, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेशही सुटले होते. नगरच्या आगीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचं निलंबन झालं. पोलिसांनी मात्र काही दिवसांत अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. दोष कुणाचा, हे कोर्ट ठरवील. राज्यातल्या वॉर्डावॉर्डांत धडा मात्र तेव्हाच पोचला.

आधी ठपका, मग चौकशी ही रीत जुनी आहे. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. ती बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सरकारने ठपका ठेवला तो लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे तिचे प्रमुख वाल्देमार हाफकिन यांच्यावर. ते निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. पुढे 1925 मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं, ही सरकारी उपरती! पण पडलेल्या चिमट्याची गोष्ट आधी ऐकली असती, तर पाच वर्षं वाया गेली नसती.

आजचा चिमटा म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल. ते डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखंच दिसतं. रात्रपाळीची सिस्टर चुकून तेच उचलते, लेबल वाचते, दचकते आणि परत ठेवते. रुग्ण वाचला. वहीत काही येत नाही, कारण वही मेट्रनकडे जाते आणि मेट्रनकडून मेमो येतो. सकाळी ओव्हर देताना ती पुढच्या सिस्टरच्या कानात सांगते, "दुसऱ्या कप्प्यातलं बघून घे गं." सगळी सुरक्षा व्यवस्था त्या एका वाक्यावर चालते. दोघींपैकी एकीची बदली झाली की तीही संपली.

अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपल्या चुका नासाला कळवतात. परवाना काढून घेणाऱ्या खात्याला नव्हे. आपल्याकडेही माता-मृत्यूच्या पुनरावलोकनात दोषी न शोधता कारण शोधायचं, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मग चुकलेल्या औषधाची, थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद मेमो काढणाऱ्यांच्याच टेबलावर का जावी? ती जिल्ह्याबाहेरच्या, शिक्षेचा अधिकार नसलेल्या समितीकडे गेली पाहिजे. जाणूनबुजून केलेल्या हलगर्जीला यात माफी नाही. तिच्यासाठी पोलीस आहेतच.

कायदा मात्र उलट्या दिशेने निघाला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार, उपचार करताना निष्काळजीपणामुळे रुग्ण दगावला तर नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त 2 वर्षं कैद, बाकीच्यांना 5 वर्षं. परिचारिका बाकीच्यांत मोडते.