पांढरेशुभ्र बाथरूम आणि म्हातारे डोळे

घराचे नूतनीकरण करताना हल्ली बाथरूमवर भरपूर खर्च होतो. पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरे बेसिन, चकचकीत नळ. सगळे कसे हॉटेलसारखे दिसले पाहिजे! डॉक्टर म्हणून माझे मत वेगळे आहे. तुमच्या घरात साठी ओलांडलेले कोणी असेल, तर त्या बाथरूममध्ये रंग आणा, तेही चांगले ठळक रंग. बघायला प्रसन्न वाटते हे तर आहेच, पण म्हाताऱ्या माणसाचे पडणे टाळायचा तो एक स्वस्त उपाय आहे.

वय झाल्यावर डोळ्यांना काय होते?

आपल्या डोळ्यातले भिंग वयानुसार पिवळसर होत जाते. बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही. त्यामुळे विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदू सुरू झाला असेल तर सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते आणि चकचकीत लादीवर दिवा पडला की डोळे दिपतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, एकमेकांशी मिळत्याजुळत्या छटा वेगळ्या ओळखण्याची क्षमता कमी होते. दवाखान्यातल्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरे असतात, ती आजोबा बरोबर वाचतात. म्हणून घरचे म्हणतात, "नजर तर चांगली आहे!" पण पांढऱ्या लादीवर पांढरा कमोड कुठे सुरू होतो, त्याची उंची किती आहे, हे त्यांना नीट कळत नाही. ते अंदाजाने बसतात. अंदाज चुकला की पडतात.

या वयात खुब्याचे हाड मोडले तर ऑपरेशन, अंथरूण, न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या अशी मालिका सुरू होऊ शकते. एकदा पाय घसरला की मनात भीती बसते, ती वेगळीच. बाथरूमला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे कितीतरी आजी-आजोबा आहेत. मग बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर येणे अशा तक्रारी घेऊन ते येतात. मूळ कारण मात्र कोणी विचारत नाही.

रंग कुठे आणावेत?

सगळे बाथरूम रंगवायची गरज नाही. जिथे हात आणि पाय पडणार, तिथे रंग हवा.

- उंबरठा आणि पायरी: आपल्याकडे बाथरूमची लादी बहुधा बाहेरच्या लादीपेक्षा खाली असते. त्या कडेवर पिवळी किंवा लाल, न घसरणारी पट्टी चिकटवा. एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.
- कमोडची सीट: गडद निळी, लाल किंवा हिरवी सीट बसवा. सीट बदलायला कमोड बदलावा लागत नाही.
- धरायचे दांडे: पांढऱ्या भिंतीवर स्टीलचा दांडा चटकन दिसत नाही. रंगीत दांडा घ्या किंवा असलेल्या दांड्यावर रंगीत, खरबरीत टेप गुंडाळा. दांडा भिंतीत पक्का बसवलेला हवा. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही.
- गरम पाण्याचा नळ: त्यावर लाल पट्टी लावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना पाणी किती कढत आहे हे उशिरा कळते.
- बादली, तांब्या, स्टूल: लादीहून वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचे घ्या.

रंग पुरेसा वेगळा आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. मोबाइलवर बाथरूमचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सीट, दांडा आणि पायरीची कड त्यात स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे. फिकट निळा, फिकट पिवळा असे रंग आपल्याला छान दिसतात, पण या फोटोत पांढऱ्यात मिसळून जातात. म्हाताऱ्या डोळ्यांनाही ते साधारण तसेच दिसतात.

रंग कुठे नकोत?

जमिनीवर नक्षी नको. ठिपके आणि पट्टे पाहून पायरी आहे की काय, असा भास होतो. काळे किंवा फार गडद पायपुसणे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना खड्ड्यासारखे वाटू शकते. ते तिथे पाय टाकायला घाबरतात किंवा ते ओलांडायला जाऊन तोल घालवतात. मॅट एकरंगी, मध्यम रंगाची आणि खाली घट्ट चिकटून राहणारी असावी.

कमोडचे भांडे मात्र पांढरेच ठेवा. फ्लशमध्ये निळे पाणी सोडणाऱ्या वड्या वापरू नका आणि रंगीत बल्ब लावू नका. लघवीचा लालसर किंवा गडद पिवळा रंग, शौचावाटे पडणारे रक्त, काळे शौच ही आजारांची पहिली खूण असू शकते. ती दिसायलाच हवी.

"पण पांढरे म्हणजे स्वच्छ ना, डॉक्टर?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात तथ्य आहे. पांढऱ्यावर घाण लगेच दिसते. म्हणून भिंती पांढऱ्या राहू द्या. पांढऱ्या भिंतीमुळे उजेडही वाढतो आणि त्यावर रंगीत वस्तू उठून दिसतात. दुसरा आक्षेप आई-बाबांचाच असतो: "एवढ्यात आम्हाला म्हातारे केलेत का?" त्यांना त्यांच्या आवडीचा रंग निवडू द्या. सगळ्या घराने लाल सीट वापरली की ती 'आजारी माणसाची सीट' राहत नाही. दारावर एक हसरे चित्र, खिडकीत मनी प्लांटची कुंडी ठेवा. जागा आपलीशी वाटली की तिथे जायची धास्तीही कमी होते.

रंगाने सगळेच साधत नाही, हेही सांगतो. लादी कोरडी हवी, रात्री छोटा दिवा चालू हवा, कडी बाहेरून उघडता येणारी हवी आणि मोतीबिंदूची तपासणी वेळेवर हवी. रात्री उठल्यावर चक्कर येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

पाहुणे आपले बाथरूम वर्षातून दोन-चार वेळा पाहतात. आई-बाबा ते रोज वापरतात, रात्री-अपरात्री, अर्धवट झोपेत, चष्म्याशिवाय. मग ते कोणाच्या नजरेने सजवायचे? येत्या रविवारी त्यांचा हात धरून बाथरूममध्ये जा आणि विचारा, "इथे तुम्हाला काय नीट दिसत नाही?" मिळेल त्या उत्तरापासून रंगकामाला सुरुवात करा.